चाकं लावण्याआधी

डिझाइन शिकवणाऱ्या एखाद्या संस्थेच्या नव्या वर्कशॉपचा आराखडा कुणी समोर पसरला की मी आधी टेबलांचे पाय बघतो. हल्ली बहुतेक आराखड्यांत त्या पायांना चाकं असतात. कपाटांना चाकं, फळ्यांना चाकं, पार्टिशनना चाकं. एकदा तर हत्यारं टांगायच्या भिंतीलाही चाकं पाहिली. खाली टीप असते, 'जागा पूर्णपणे लवचिक'. शेजारी छतावरच्या सौरपट्ट्यांचं चित्र आणि त्याखाली 'शाश्वत'. झालं. दोन शब्दांत वर्कशॉपचा निकाल लागलेला असतो.

चाकांशी माझं वैर नाही. पण चाकांच्या टेबलावर एकदा हातकरवत चालवून बघावी. करवत पुढे गेली की टेबलही तिच्याबरोबर निघतं. चाकाला खटका असतो, तो दाबला की चाक फिरायचं थांबतं हे खरं. मात्र चाक ज्या खुंटीभोवती वळतं तिथली ढिलाई तशीच राहते आणि टेबल जागच्या जागी डुलत राहतं. पटाशीवर घातलेला निम्मा घाव लाकडाला लागतो, निम्मा टेबल हलवण्यात जातो. रंधा मारणं तर सोडूनच द्या. मग विद्यार्थी ते टेबल भिंतीला भिडवतात, पायाशी लाकडाचे ठोकळे लावतात, आणि थोड्याच दिवसांत ते कायमचं तिथलं होऊन जातं. हलतं सामान विकत घेऊन शेवटी अचल वर्कशॉप मिळतं, तेही डुगडुगणारं.

म्हणून माझा पहिला प्रश्न उलटा असतो. या जागेत काय हलणार नाही? लोक जरा चमकतात. आपण बदलती जागा मागितली आणि हा न बदलणाऱ्या गोष्टींची यादी मागतोय, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. पण इतक्या वर्कशॉपांत वावरल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. ज्या जागेत चार-पाच गोष्टी चोख, भरपूर आणि कायमच्या केलेल्या असतात, तीच जागा पुढे हवी तशी वाकते. आणि वीज, हवा, साहित्य यांची उधळपट्टीही तिथंच कमी होते.

बदल होणार याबद्दल दुमत नाही. छपाईसाठी शिशाचे खिळे जुळवायच्या पेट्या गेल्या, तिथं ड्राफ्टिंगची उंच टेबलं आली. ती गेली आणि संगणकांच्या रांगा आल्या. विद्यार्थ्यांच्या पाठीवरच्या पिशवीत लॅपटॉप आला तशा त्या रांगाही ओस पडल्या. आता त्याच खोल्यांत थ्रीडी प्रिंटर घुमतात. उद्या काय येईल ते सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. भेटले ते सगळे विक्रेते.

या उलथापालथीत डार्करूमचं, म्हणजे फिल्म धुवायच्या अंधाऱ्या खोलीचं, जे झालं ते मला फार बोलकं वाटतं. फिल्मचा जमाना संपला तेव्हा ही खोली सगळ्यात आधी मोडीत निघायला हवी होती. एकाच कामासाठी बांधलेली, खिडकी नसलेली, काळी. प्रत्यक्षात मी पाहिलेल्या कितीतरी डार्करूम आजही कामात आहेत. कुठं स्क्रीन प्रिंटिंगच्या जाळ्यांवर इमल्शन (प्रकाशात घट्ट होणारा लेप) चढवून त्या प्रकाशात धरतात, कुठं कापड रंगवतात, कुठं रेझिनमधून निघालेल्या वस्तू धुतात. कारण त्या खोलीत पाणी होतं. रसायनांना दाद न देणारं सिंक होतं, हवा ओढून बाहेर टाकणारा पंखा होता आणि हवा तेव्हा अंधार करता येत होता. शेजारची संगणकाची खोली मात्र 'बहुउद्देशीय' म्हणून बांधली होती. खोटं छत, गालिचा आणि भिंतीतले प्लग याखेरीज तिच्याजवळ काहीच नव्हतं, त्यामुळे तिच्यात खुर्च्या मांडून भाषणं ठेवण्यापलीकडे कुणाला काही सुचेना. एकाच कामासाठी नेमकी बांधलेली खोली दहा कामांना पुरली, आणि कशालाही चालेल म्हणून बांधलेली खोली अडून बसली. आडात होतं म्हणून पोहऱ्यात आलं, इतकंच.

रिकाम्या भव्य दालनाचा मोह तसा जुना आहे. वास्तुरचनाकार मीस व्हान डेर रोह यांनी शिकागोतल्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीसाठी रचलेलं क्राउन हॉल १९५६ मध्ये पुरं झालं. वरच्या मजल्यावर १२० फूट रुंद आणि २२० फूट लांब असं एकच दालन, आत छत पेलणारा एकही खांब नाही. छताच्याही वर पोलादी गर्डर, आणि त्यांना खालून छत टांगलेलं. कोणतंही काम कोणत्याही काळी इथं व्हावं, ही त्यामागची कल्पना. इमारत देखणी आहे, तिला नावं ठेवायची माझी प्राज्ञा नाही. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या वरच्या दालनात स्थापत्याचे विद्यार्थी रेखाटनं करत. लास्लो मोहोली-नॉज यांनी सुरू केलेली डिझाइनची शाळाही त्याच इमारतीत आली, पण ती गेली खालच्या, जमिनीत अर्ध्या रुतलेल्या मजल्यावर. तिथं खांबही होते आणि खोल्या पाडणाऱ्या भिंतीही. सगळ्यांसाठी खुल्या अशा त्या दालनाच्या पायाखाली, भिंतींच्या आडोशाला वस्तू घडवणाऱ्यांचा संसार. वर्कशॉपचा विचार करताना मला वरच्या मजल्यापेक्षा खालचाच मजला जास्त आठवतो.

फ्रँक डफी या ब्रिटिश वास्तुरचनाकारानं १९७०च्या दशकात एक साधी गोष्ट मांडली होती. इमारत म्हणजे एक वस्तू नव्हे. वेगवेगळ्या आयुष्यांचे थर एकत्र नांदत असतात. सांगाडा पन्नासेक वर्षांचा, नळ-तारा-हवेच्या वाहिन्या पंधराएक वर्षांच्या, आतल्या भिंती आणि छतं पाच-सात वर्षांची, आणि सामानसुमान तर महिन्याला इकडचं तिकडे. भांडण लागतं ते हे थर एकमेकांत अडकवले की. भिंतीत गाडलेली वायर बदलायची तर भिंत फोडावी लागते, जमिनीत पुरलेल्या पाइपासाठी जमीन खणावी लागते. दर वेळी राडारोडा, दर वेळी नवं सिमेंट. जगात माणसाकडून होणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा सुमारे ८ टक्के आहे. तेव्हा भिंतीवरून उघडी धावणारी, खुणेच्या रंगाची पाइपलाइन मला कुठल्याही सौरपट्टीइतकीच शाश्वत वाटते. दिसायला ओबडधोबड असेल. पण ती कुठून कुठे जाते हे पहिल्या वर्षाच्या मुलीलाही कळतं, आणि डिझाइन शिकणाऱ्यानं ते बघावंच.

आता न हलणाऱ्या गोष्टींकडे येतो. त्यातली सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे धूळ.

भुसा दिसतो, म्हणून झाडला जातो. खरा धोका न दिसणाऱ्या धुळीचा. पॉलिश पेपरच्या यंत्रातून निघणारे बारीक कण तासन्‌तास हवेत तरंगतात आणि थेट फुप्फुसात उतरतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं लाकडाची धूळ पहिल्या गटात टाकली आहे, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या पदार्थांत. विद्यार्थ्यांचा लाडका एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेली शीट, ज्या गोंदानं बांधलेला असतो त्यातून फॉर्मल्डिहाइड हा वायू सुटतो, आणि तोही त्याच गटात. धूळ ओढून घेणाऱ्या स्वस्त धूळयंत्राची कापडी पिशवी ढलप्या पकडते आणि बारीक धूळ आरपार सोडून देते. खोली स्वच्छ दिसते, एवढाच तिचा फायदा.

ही धूळ वाहिनीतून वाहून न्यायची तर हवेचा वेग सेकंदाला साधारण २० मीटर तरी लागतो. त्याहून कमी झाला की भुसा वाटेत बसतो, वाहिनी तुंबते, आणि साठलेल्या भुशाला ठिणगीचं भय. एवढा वेग राखायला पंख्याला ताकद लागते, आणि पंख्याचं गणित निर्दयी असतं. त्याच वाहिनीतून दुप्पट हवा ओढायची तर वीज आठपट. वाहिनी जितकी लांब आणि जितकी वळणावळणाची, तितका अडथळा जास्त. आतून सुरकुतलेल्या लवचिक नळीत तर गुळगुळीत पत्र्याच्या वाहिनीपेक्षा हवा फारच अडखळते. आता करवत, रंधायचं यंत्र (सरफेसर), पॉलिश पेपरचं यंत्र (सँडर) अशी धूळ उडवणारी यंत्रं चाकांवर ठेवून दालनभर फिरू दिली, आणि प्रत्येकापर्यंत लांबच लांब लवचिक नळी ओढली, तर काय होईल? एक तर पंखा राक्षसी घ्यावा लागेल आणि तो दिवसभर वीज खाईल, किंवा पंखा बेताचा घेऊन सगळ्यांनी धूळ खायची. त्यापेक्षा ही सगळी यंत्रं एका बाजूला, धूळयंत्राच्या अगदी जवळ, आखूड सरळ वाहिनीवर पक्की बसवावीत. जे यंत्र चालू नाही त्याच्या वाहिनीचं झाकण बंद. लवचिकतेचा इथं केलेला त्याग पुढची पंधरा-वीस वर्षं रोज वीज वाचवतो. उरलेलं दालन धुळीपासून मोकळं होतं, म्हणजे तिथं काहीही करता येतं: कापड, कागद, इलेक्ट्रॉनिक्स, रंगकाम. एक कोपरा घट्ट बांधला म्हणून बाकीचं दालन सुटं राहिलं.

यंत्रं कुठं बसवायची याचं माप यंत्रावरून काढू नये, हेही इथंच सांगून टाकतो. टेबल सॉ, म्हणजे टेबलातून पातं वर आलेली करवत, जेमतेम दीड-दोन मीटर जागा घेतो. पण त्यातून जाणारी प्लायवूडची शीट आठ फूट बाय चार फुटांची असते. पात्याच्या अलीकडे आठ फूट, पलीकडे आठ फूट, शिवाय शीट धरून उभ्या असलेल्या माणसाला जागा. म्हणजे यंत्राचं खरं माप त्याच्यातून जाणाऱ्या वस्तूचं असतं. आराखड्यात यंत्राचा चौकोन काढून त्याच्या पाठीशी भिंत ओढणाऱ्याला मी एकदा ती शीट हातात धरायला लावतो. दरवाजांचंही तेच. वर्कशॉपमध्ये बनलेली वस्तू वर्कशॉपमधून बाहेर निघाली पाहिजे, ही अट कुणी कागदावर लिहीत नाही, आणि मग सत्राच्या शेवटी सुरेख कपाट दारात अडकतं.

वीज वरून यावी. छताखालून जाणारी बसबार (वीज वाहून नेणारी धातूची पट्टी), तिला ठरावीक अंतरावर प्लग होणारे डबे, त्यातून खाली उतरणाऱ्या वायरी. जमिनीवर एकही वायर नको. एखाद्या वर्कशॉपची आखणी कितपत जमली आहे ते बघायला मी एक्स्टेन्शन बोर्ड मोजतो. जितके जास्त, तितकी आखणी करणाऱ्यानं आपली जबाबदारी विद्यार्थ्यांवर ढकललेली. हवा दाबून भरणाऱ्या काँप्रेसरच्या हवेकडेही असंच दुर्लक्ष होतं. गळणाऱ्या सांध्यांतून काँप्रेसरनं भरलेली २० ते ३० टक्के हवा वाया जाणं ही कारखान्यांमधली नेहमीची गोष्ट आहे. सगळे घरी गेल्यावर वर्कशॉपमध्ये पाच मिनिटं गप्प उभं राहावं, फुसफुस ऐकू येते. त्या फुसफुशीवर उपाय म्हणजे प्रत्येक शाखेला एक बंद करायची तोटी आणि महिन्यातून एकदा साबणाच्या पाण्याचा ब्रश. त्याचा सुंदर फोटो निघत नाही, त्यामुळे तो माहितीपत्रकात कधी येत नाही.

उजेडाचं कोडं अर्धं जुनंच आहे. वास्तुरचनाकार वॉल्टर ग्रोपियस यांनी जर्मनीतल्या डेसाऊमध्ये १९२६ साली उभ्या केलेल्या बाउहाउस या डिझाइनशाळेच्या वर्कशॉपला सलग काचेची भिंत होती. तिचे फोटो जगभर गेले. आत काम करणाऱ्यांना उन्हाळ्यात भट्टी आणि हिवाळ्यात गारठा सोसावा लागला, हे फोटोत आलं नाही. कापड गिरण्यांनी हा प्रश्न त्याआधीच सोडवला होता: करवतीच्या दात्यांसारखं छत, आणि उभ्या बाजूची काच उत्तरेला. उत्तर गोलार्धात असा उजेड दिवसभर सौम्य आणि सारखा राहतो, सावल्या धारदार पडत नाहीत. वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशींनी अहमदाबादच्या स्थापत्यशाळेच्या स्टुडिओंना उत्तरेकडचाच उजेड दिला. विजेच्या दिव्यांबद्दल एकच सांगतो. जुन्या चोकवर चालणारी ट्यूबलाइट ५० हर्ट्‌झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. डोळ्याला कळत नाही, पण त्या उजेडात फिरणारं पातं एखाद्या वेगाला थांबल्यासारखं दिसू शकतं. लेथवर हे जिवावर बेतू शकतं.

आवाज. ८५ डेसिबलला आठ तास ही बहुतेकांनी मान्य केलेली मर्यादा, आणि पुढच्या प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मा. ९१ला दोनच तास उरतात. करवतीचं यंत्र त्याच्याही वर सहज जातं. शेजारीच विद्यार्थ्यांच्या कामावरच्या टीकाटिप्पणीचा वर्ग भरवायचा बेत असेल, तर लवचिकता वगैरे विसरावं आणि जाड भिंत बांधावी.

ओलं आणि कोरडं वेगळं ठेवावं, हे सांगायची खरं तर गरज पडू नये. पण प्लास्टर ऑफ पॅरिस मोरीत ओतल्यावर पाइपात दगड होतो, हे दरवर्षी नव्यानं सिद्ध होतंच. गाळ बसवणारी टाकी मोरीखाली असावी आणि ती उपसणाऱ्याचं नाव ठरलेलं असावं.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, की हा माणूस वर्कशॉपचा कारखाना करायला निघाला आहे. तसं नाही. एका पडीक लाकडी इमारतीबद्दल मला कमालीचं ममत्व आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीची 'बिल्डिंग २०', १९४३ मध्ये रडारच्या संशोधनासाठी घाईघाईनं उभारलेली. युद्ध संपल्यावर सहा महिन्यांत पाडायची असं ठरलेलं. ती १९९८ पर्यंत उभी होती. तिथं भाषाशास्त्र होतं, ध्वनिशास्त्र होतं, खेळण्यातल्या रेल्वेचा क्लब होता. अणुघड्याळाच्या कामात जेरोल्ड झकारायस यांना उंच उपकरण बसवायचं होतं, तर वरच्या मजल्यांची जमीन कापून वाट केली. कुणी विचारलं नाही, कुणी रागावलं नाही. पाडायचीच इमारत होती. तारा आणि पाइप उघडे होते, लाकडी भिंतीला भोक पाडायला मिस्त्री लागत नव्हता, आणि जमीन मात्र भलं वजन पेलणारी. इमारत उन्हाळ्यात तापायची, हिवाळ्यात वारा शिरायचा, ॲसबेस्टॉसही होतं. तिचं गुणगान गाताना लोक हे सोयीनं विसरतात. मला तिच्यातून फक्त दोनच गोष्टी घ्यायच्या आहेत. एक, सांगाडा आणि जमीन दणकट, बाकी सगळं स्क्रूनं लावलेलं. आणि दुसरी म्हणजे परवानगी.

परवानगी आराखड्यात काढता येत नाही, पण तिला जागा ठेवता येते. भिंतींना पांढरा गुळगुळीत गिलावा केला की विद्यार्थी खिळा ठोकायला कचरतो. जाड प्लायचं आवरण लावलं की ठोकतो, काढतो, पुन्हा ठोकतो, आणि फारच चाळण झाली की तेवढी शीट उलटी करून लावता येते. भिंतीवर एकसारख्या अंतरानं आडव्या पट्ट्या असतील तर फळी, दिवा, हत्यारांचा फलक काहीही कुठेही अडकतं. सगळ्या टेबलांची उंची एक ठेवली की दोन जोडून मोठं टेबल होतं, आणि करवतीच्या पुढे ते ठेवलं की शीटला आधार मिळतो. चाकांचीही जागा इथंच आहे: कामाचं टेबल चार भक्कम पायांवर उभं, आणि हलवायचं तेव्हाच पायानं दाबल्यावर चाकं खाली उतरतात. हवा भरणारा काँप्रेसर, हत्यारांची गाडी, प्रदर्शनाचे फलक यांना खुशाल कायमची चाकं द्या.

शाश्वततेचं म्हणाल तर पहिला निर्णय बहुतेक वेळा इमारत न बांधण्याचा असायला हवा. वापरात नसलेली शेड, गोदाम, जुनं छापखान्याचं दालन मिळत असेल तर त्यात सांगाडा आणि जमीन आयती असते, आणि त्यांच्यात गेलेला कार्बन कधीचाच गेलेला असतो. दुरुस्ती करून छताला उष्णतारोधक थर दिला आणि उंचावर हवा जायला वाट केली की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं रोजचं आहे, आणि ते सगळं उरलेल्या तुकड्यांभोवती फिरतं.

तुकड्यांचा रॅक प्रत्येक वर्कशॉपमध्ये असतो आणि प्रत्येक वर्कशॉपमध्ये तो उकिरडा झालेला असतो. दोष विद्यार्थ्यांचा नाही. रॅक असतो लांब कोपऱ्यात, आणि कोऱ्या शीट दारात रचलेल्या. माणूस जवळचं उचलणारच. रॅक कोऱ्या शीटच्या वाटेवर हवा, म्हणजे नवं घ्यायला जाणारा आधी जुन्यासमोरून जाईल. तुकडे उभे लावलेले, जाडीप्रमाणे, बाहेरून माप दिसेल असे. वितीपेक्षा लहान तुकडा ठेवायचाच नाही. प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीनं महिना, आणि सत्र संपलं की जुना महिना बाहेर. टाकून देण्याचा नियम कडक असेल तरच ठेवलेलं वापरलं जातं. जोसेफ आल्बर्स बाउहाउसमध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांना वर्तमानपत्रं वाटायचे आणि वाया न घालवता त्यातून काहीतरी घडवा म्हणायचे. साहित्याचा आदर व्याख्यानातून शिकवण्यापेक्षा हे बरं. रॅकसमोर उभं राहून 'हा एवढाच तुकडा आहे, आता काय?' असं म्हणणारी मुलगी तेच शिकत असते.

सांध्याला गोंद की स्क्रू, यावर आमच्याकडे दर सत्रात वाद होतो. मी स्क्रूच्या बाजूचा. सत्राच्या शेवटी कचऱ्याच्या ढिगात जाणाऱ्या मॉडेलांपैकी जी उलगडतात ती पुन्हा रॅकवर येतात, चिकटवलेली थेट बाहेर जातात. जिथं विद्यार्थ्यानं मुद्दाम लाकडी सांधा जुळवला आहे तिथं अर्थात गोंदाला विरोध नाही. मुद्दा निव्वळ घाईनं केलेल्या चिकटवण्याचा आहे. लेझर कटरचं मात्र वादाचं काम नाही. पीव्हीसी, आणि पीव्हीसीचं रेक्झिन, त्याच्यात घालायचंच नाही. त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटतो, जो माणसाची छाती जाळतो आणि यंत्राचे भागही खातो. जवसाच्या तेलाच्या चिंध्यांना झाकणाचा पत्र्याचा डबा हवा. चुरगाळून ठेवल्या तर त्या आपोआप पेटू शकतात. अशा सूचनांना आराखड्यात ठरलेली जागा नसेल, तर त्या कागदावर छापून भिंतीला चिकटवल्या जातात, आणि भिंतीचा कागद कुणी वाचत नाही.

मग हे सगळं लक्षात कुणी ठेवायचं? बाउहाउस डेसाऊला जाण्याआधी वायमारला होतं, तेव्हा तिथल्या प्रत्येक वर्कशॉपला दोन गुरू असत, एक कलेचा, एक कारागिरीचा. दोघांचा दर्जा सारखा नव्हता, आणि कारागीर गुरूंची नावं आज फारशी कुणाला ठाऊकही नाहीत. डेसाऊला गेल्यावर मार्सेल ब्रॉयर, गुंटा श्टॉल्झ्ल यांच्यासारखे तिथंच शिकलेले लोक शिकवू लागले आणि ती दरी थोडी बुजली. आजच्या संस्थांत ती पुन्हा रुंद झाली आहे. वर्कशॉप सांभाळणाऱ्या माणसाला आराखड्याच्या बैठकीला बोलावतच नाहीत. पातं कधी बोथट झालं हे आवाजावरून ओळखणारा तोच, कुठल्या कोपऱ्यात गर्दी होते हे ठाऊक असणारा तोच, आणि त्याच्या वाट्याला आराखड्यात जिन्याखालची खोली. मी त्याचं टेबल दालनाच्या मधोमध मागतो, जिथून टेबल सॉ आणि दार दोन्ही दिसतील. टेबलाशेजारी दुरुस्तीचा ओटा: शिकंजा, कानशी, धार लावायचा दगड, सुट्या भागांचे खण. दुरुस्ती आडबाजूला नेली की हत्यारं मोडीत जातात. डोळ्यांसमोर ठेवली की एखादा विद्यार्थी येऊन विचारतो, 'सर, मी करून बघू?'

बाकी राहतो प्रश्न वेळेचा, आणि खरं सांगायचं तर आराखड्याच्या बैठकीत सगळ्यात जास्त वाद याच्यावर होतो. वर्कशॉप संध्याकाळी बंद होतं. विद्यार्थ्यांचं काम सुरू होतं त्यानंतर. दिवसाचे सोळा तास कुलूप असलेली जागा, तिच्या छतावर कितीही सौरपट्ट्या लावल्या तरी, उधळपट्टीच आहे. पण रात्री कुणी नसताना करवत चालू ठेवणं हा वेडेपणा झाला. त्यामुळे जागेचे दोन भाग पडतात. धुळीच्या, धारेच्या यंत्रांचा भाग देखरेखीशिवाय उघडायचाच नाही, त्याची मुख्य वीजही वेगळी. हातकामाचा भाग रात्री उशिरापर्यंत उघडा: टेबलं, हातकरवती, शिवणयंत्रं, सोल्डरिंग, तुकड्यांचा रॅक. मग मधली भिंत न हलणाऱ्यांच्या यादीत येते, आणि धूळ तिच्या पलीकडे थांबवायची तर ती पक्की, वरपर्यंत हवी.

ती काचेची असावी की विटांची, यावर मात्र आमच्यात अजून एकमत झालेलं नाही. काच महाग, धुळीनं अंधूक होणारी, आणि आवाज पुरता अडवायला दुहेरी लागणारी. माझं मत तरी काचेकडे झुकतं. करवतीशी एकटा उभा असलेला माणूस कुणाला तरी दिसत राहायला हवा.